नकाशा उघडा असेपर्यंत

"झेरॉक्स कुठे काढून मिळेल?"

दारातून हा प्रश्न आला तेव्हा ती टेबलावर जवळजवळ आडवी झाली होती. समोर एक भलाथोरला जुना नकाशा पसरलेला. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिल्यामुळे तो सारखा मिटू बघत होता. एक कोपरा दाबावा तर दुसरा उठे. तीन कोपऱ्यांवर तिने वाळू भरलेल्या कापडी पिशव्या ठेवल्या होत्या. चौथी पिशवी काही सापडत नव्हती, म्हणून तिथे तिचा हात होता.

"वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून," मान न वळवताच ती म्हणाली. "हे तळघर आहे. इथे फक्त नकाशे असतात."

"आणि तुम्ही."

"आणि मी. झेरॉक्स वर."

पावलं काही वाजली नाहीत. तिने वळून पाहिलं. दारात एक उंचसा माणूस उभा होता. विद्यार्थी म्हणावा तर जरा थोराड, प्राध्यापक म्हणावा तर शर्टाच्या बाहीला गोंद लागलेला. खांदे भिजले होते, म्हणजे बाहेर पाऊस असावा; तळघरात पाऊस कळत नाही. आणि तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर नकाशावर खिळली होती.

"हे... जुनं टेलिफोन केंद्र आहे ना? बाजारामागचं?"

"हो."

"पण याचे नकाशे जळाले म्हणून सांगितलं मला. पालिकेत."

"पालिकेतले जळाले असतील. हे बांधणाऱ्या कंपनीकडचे. कंपनी बंद पडली तेव्हा आमच्याकडे आले. बुरशी धरू नये म्हणून मी अधूनमधून उघडून ठेवते."

"आणि मी तुमच्याच कॉम्प्युटरवर महिनोन् महिने शोधतोय. 'टेलिफोन' टाकून झालं, 'दूरध्वनी' टाकून झालं..."

"'दळणवळणाच्या इमारती' असं टाकायचं."

"हे कुणाला सुचणार?"

"ज्यांनी सूची केली त्यांना सुचलं. ते निवृत्त झाले, आणि सुचलेलं सगळं सोबत घेऊन गेले."

तो हसला. मग पटकन बाही वर सरसावून त्याने विचारलं, "जवळून बघू का?"

तिने नियम सांगितले. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. मूळ कागदावर पट्टी ठेवायची नाही, वरून ट्रेसिंग करायचं नाही. कागद जुना आहे, फाटतो. बघून हाताने काय काढायचं ते वहीत काढा.

"आणि नकाशा उघडा असेपर्यंत मी समोर बसून राहणार. हाही नियमच आहे."

"मध्ये उठायचं झालं तर?"

"तर नकाशा गुंडाळायचा."

त्याने खुर्ची ओढली, चौथ्या कोपऱ्यावर स्वतःचा हात ठेवला आणि तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मग मी सावकाशच बघेन."

ही थट्टा की आणखी काही, ते तिला कळेना. ती आपली समोर, दुसऱ्या कोपऱ्यावरच्या पिशवीवर हात ठेवून बसली.

आता या नकाशे विभागाविषयी थोडं सांगायलाच हवं, नाहीतर ती अशी एवढ्यातेवढ्याने का गोंधळली ते समजायचं नाही. वास्तुकला, बांधकाम, नगररचना शिकणाऱ्या मुलांच्या ग्रंथालयाचा हा सगळ्यात खालचा, सगळ्यात थंड आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. दरवर्षी पहिल्या वर्षाची मुलं एकदा घोळक्याने येत. ती त्यांना फिरवून दाखवी: हे जुने नकाशे, हे जमिनीच्या तपासणीचे अहवाल, ही बांधकामाच्या नियमांची पुस्तकं, हे मासिकांचे बांधीव खंड, आणि या कपाटात विटा, फरश्या, दगड यांचे नमुने. मुलं माना डोलवत, विटांबरोबर फोटो काढत आणि निघून जात. त्यानंतर त्यांचं तोंड दिसे ते थेट शेवटच्या वर्षी, सगळं गळ्याशी आल्यावर. तेव्हासुद्धा हवं ते मिळालं की "थँक्यू मॅडम" आणि पाठ. मुलं मागे तिला नकाशेबाई म्हणत. वाईट मनाने नव्हे. पण कुणी चांगल्या मनानेही तिला दुसरं काही म्हणत नव्हतं.

नोकरीसाठी या शहरात येऊन तिला बरेच दिवस झाले होते, आणि शहराने अजून तिची दखल घेतली नव्हती. भाड्याची एक खोली होती. तिच्यात एक खिडकी आणि खुर्चीही एकच, कारण दुसरीवर बसणार कोण? जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाला मागे फिरावं लागे. रविवारी ती कुणाशी एक शब्दही बोलत नसे. सोमवारी सकाळी पहिलं वाक्य बोलण्याआधी घसा खाकरावा लागे आणि तरी आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटे.

आणि आता रोज दुपारी एक माणूस येऊन तिच्यासमोर बसू लागला.

तो मुळात विद्यार्थी नव्हताच. म्हणजे होता, पण उशिरा झालेला. वडिलांच्या बांधकामाच्या धंद्यात बरीच वर्षं काढून, वडील गेल्यावर, सगळं आवरून तो शिकायला आला होता. वर्गातली पोरं त्याला काका म्हणत. तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आवरेना.

"हसा, हसा," तो म्हणाला. "चहाला जाताना पोरं म्हणतात, काका, येताय का? ते अशा सुरात की माणसाने नाहीच म्हणावं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"नाही म्हणतो. आणि मग एकट्यानेच जाऊन पितो, ते परत आल्यावर."

हे त्याने हसतच सांगितलं होतं. पण तिला आत कुठेतरी टोचलं. चहा एकटीने कसा प्यायचा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्याच्या शेवटच्या वर्षाच्या कामाची गोष्ट हळूहळू कळली. त्या बंद पडलेल्या टेलिफोन केंद्राचं त्याला घर करायचं होतं. एकेकट्या माणसांसाठी. शहरात नोकरीला आलेली, शिकायला आलेली, कुणी उरलं नाही म्हणून एकटी झालेली माणसं. प्रत्येकाला आपली खोली. पण मधोमध तो जुना मोठा जिना, आणि जिन्यावरच बाकं, पुस्तकं, उजेड.

"खोलीत जाताना जिन्यावरून जावंच लागणार," तो सांगत होता. "आणि जिन्यावर माणूस भेटणारच. बोलायचं नसेल तर नुसतं बघून मान हलवायची. तेवढंही पुष्कळ असतं हो."

"माझ्या जिन्यावर एकच माणूस मावतो," ती म्हणाली.

"मग दुसरा आला तर?"

"एकजण मागे फिरतो. बहुतेक मीच."

त्याने पेन्सिल थांबवली आणि तिच्याकडे बघितलं. तिने लगेच नकाशाच्या कोपऱ्याकडे बघायला सुरुवात केली. कोपरा जागच्या जागी होता.

त्या दिवसांत तिने त्याच्यासाठी काय काय शोधलं, विचारू नका. त्या भागातल्या जमिनीचा अहवाल शोधला. केंद्र सुरू झालं तेव्हाचं मासिक शोधलं. त्यात तारांच्या फळ्यांसमोर ओळीने बसलेल्या मुलींचा फोटो होता. दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयातून एक पुस्तक मागवलं, ते यायला वेळ लागला तर रोज त्यांना फोन केला. शोधायचं कसं, तेही तिने त्याला शिकवलं. इमारतीच्या नावाने नाही मिळालं तर रस्त्याच्या नावाने बघा, रस्त्याच्या नाही तर बांधणाऱ्याच्या. एक चांगला लेख सापडला की त्याच्या शेवटची यादी बघा. तिथे पुढची वाट असते.

"तुम्ही सगळं शिकवलंत तर मी यायचा बंद होईन," एकदा तो म्हणाला.

"मग ग्रंथपाल म्हणून मी चांगली ठरेन."

"आणि तसं झालं तर तुम्हाला आवडेल?"

"...पानं सावकाश उलटा. बांधणी सैल झालीय."

संध्याकाळी ताईचा फोन येई. तिची थोरली बहीण लांबच्या गावी संसारात बुडालेली. फोन खांद्यात धरून, कपड्यांच्या घड्या घालत बोलायची.

"आज काय म्हणाला तुझा टेलिफोनवाला?"

"माझा काय ताई, वाचक आहे तो."

"बरं, वाचक. काय वाचतो? तुझा चेहरा?"

"तुला काही बोलायची सोयच नाही."

"सोय नाही तर रोज सांगतेस कशाला गं?"

फोन ठेवल्यावर ती खिडकीशी बसून दुपारची वाक्यं पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसे. तिला तो आवडला होता, ही साधी गोष्ट. पण तो तिथे येतो तो नकाशासाठी. तिला जन्मात एकदा तरी असं कुणी हवं होतं की जे तिच्याकडे काही शोधायला आलेलं नसेल. तो तसा आहे की नाही, हे कळायला काही मार्गच नव्हता.

तो मार्ग मोठ्या बाईंनी काढला, नकळत. मोठ्या बाई म्हणजे मुख्य ग्रंथपाल. एक दिवस खाली येऊन त्यांनी जाहीर केलं की सगळे मूळ नकाशे स्कॅन होणार. बाहेरची माणसं येऊन नेतील, स्कॅन करतील आणि मूळ कागद शहराबाहेरच्या थंड गोदामात कायमचे जातील. मुलांना घरबसल्या कॉम्प्युटरवर बघता येईल.

"तुझाही बसून राहण्याचा ताप गेला," त्या मायेने म्हणाल्या.

नकाशे गेले. स्कॅन आले. त्या दुपारी तो नेहमीसारखा येऊन पेन बाहेर ठेवू लागला, तेव्हा टेबल रिकामं होतं.

"आता घरूनच उघडता येईल," तिने त्याला संगणकावर दाखवलं. "छापून घ्या, पट्टी लावा, मापं घ्या. हवं ते करा." आणि मग तिने ते वाक्य उच्चारलं, जे प्रत्येक वाचकाला सांगायचा वरून आदेश होता. "आता तुम्हाला इथे यायची गरज नाही."

ती थांबली. त्याने फक्त एवढं म्हणायला हवं होतं, "तरी येईन की." एवढंच. तिने ते मनात इतक्या जोरात म्हटलं की त्याला ऐकू यायला हवं होतं.

तो संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला. "गरज नाही..." तो हळू म्हणाला. "बरं. फार त्रास दिला मी तुम्हाला."

"छे, त्रास कसला. कामच आहे."

झालं. गेला तो. पेन विसरला असता तरी बरं झालं असतं. तेही आठवणीने उचलून नेलं.

पुढचे आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही, कारण काही घडलंच नाही. ती यायची, दिवे लावायची, विटांच्या कपाटावरची धूळ पुसायची. दुपारी त्या वेळेला कान दाराकडे लागायचे आणि ती स्वतःवरच चिडायची. सोमवारसारखाच घसा आता मंगळवारी, बुधवारीही खाकरावा लागू लागला.

"फोन कर," ताई म्हणाली.

"वाचकांचे नंबर स्वतःच्या कामाला वापरायचे नाहीत. नियम आहे."

"नियमाचं लोणचं घाल. बाई गं, तू बोलली नाहीस तर त्याला स्वप्न पडणार आहे का?"

"त्याला यायचं असतं तर तो आला असता. नकाशा होता तोवर आला. संपलं."

हे बोलताना तिचा आवाज भरून आला आणि ताईने घड्या घालायच्या थांबवल्या. त्या दिवशी ताईने चिडवलं नाही.

एक मात्र होतं. कुठला नकाशा किती वेळा उघडला गेला, ते तिच्या पडद्यावर दिसे. कुणी उघडला ते नाही, फक्त आकडा. बाकीच्या नकाशांसमोर शून्य किंवा त्याच्या आसपास. पण टेलिफोन केंद्राचा एक नकाशा रोज उघडला जात होता. रोज आणि पुन्हा पुन्हा. इमारत मधोमध उभी कापली तर आत कशी दिसेल ते दाखवणारा, ज्याला ती मंडळी छेद म्हणतात, तो. मोठ्या जिन्याचा. याच नकाशाच्या दोन बाजूंना ते दोघं बसत.

आता तुम्हीच सांगा, तिने काय समजायचं? तिकडे तोही तेच बघत बसतो म्हणजे! आकडा वाढला की तिचा दिवस बरा जाई. शेवटी न राहवून तिनेही तो छेद छापून घेतला आणि रिकाम्या टेबलावर पसरला. वेडेपणाच तो. पण पाहायला होतं कोण? ती आपल्या खुर्चीत बसली आणि पूर्वीसारखा कोपऱ्यावर हात ठेवला. त्याचा हात जिथे असायचा तिथे दुसरा हात नेला.

आणि तिचे दोन्ही हात एकमेकांना चिकटले.

ती चमकली. मूळ नकाशावर तिच्या हातापासून त्याच्या हातापर्यंत अख्खा जिना होता. मध्ये एवढं अंतर होतं की कधीकधी तिला ते फार वाटे. आणि या कागदावर तो जिना तिच्या तळहाताखाली झाकला जात होता. कागद लहान होता हे तर उघडच. पण कोपऱ्यात मूळचंच प्रमाण, म्हणजे कागदावरचं एवढं तर जागेवरचं केवढं ते, छापलेलं होतं. त्या प्रमाणाने पट्टी लावली तर सगळी मापं खोटी.

तिने सूचीची जुनी कार्डं काढली. प्रत्येक नकाशाच्या कार्डावर कागदाची लांबी-रुंदी नोंदवलेली असते. कुणी कधी वाचत नाही. तिने वाचली. तळमजल्याचा नकाशा एका मापाच्या कागदावर होता, छेद त्याच्या जवळजवळ दुप्पट. स्कॅन करणाऱ्यांनी दोन्ही दाबून एकाच मापाच्या पानात बसवले होते. एक कमी आक्रसला, दुसरा जास्त. आता प्रतिकृतीसाठी एकावरून पुठ्ठ्याच्या भिंती कापल्या आणि दुसऱ्यावरून जिना, तर तो जिना त्या भिंतींत जन्मात बसणार नाही.

म्हणजे तो रोज छेद उघडत होता तो तिच्या आठवणीने नव्हे. त्याचा जिना बसत नव्हता.

क्षणभर तिला स्वतःचं हसूच आलं, मग रडूही. मग तिने तारीख बघितली. शेवटच्या वर्षाची कामं परवा तपासायला जाणार होती.

"सगळ्यांना मेल टाक," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि त्या स्कॅनवाल्यांना मी बघते."

तिने मेल टाकली. पण ग्रंथालयाची मेल कोण वाचतं? आणि काम जमा करायच्या तोंडावर तर देवाचीही कुणी वाचणार नाही. ती दुपारभर आकड्याकडे बघत बसली. आकडा पुन्हा वाढला. म्हणजे त्याला कळलं नव्हतं. जावं तर लागणार. पण गेल्यावर त्याला वाटलं की ही निमित्त काढून आली, तर? आणि ती निमित्त काढून आलेली नव्हती, असं तिला तरी छातीठोक सांगता आलं असतं का? कामासाठी त्याच्या दारात जायचं, काम सांगायचं, "थँक्यू मॅडम" ऐकायचं आणि परतायचं... हे तिला सोसणार नव्हतं. तरी तिने कार्डं पिशवीत घातली आणि उजेड असतानाच निघाली.

मुलांची कामाची खोली तिने आजवर पाहिली नव्हती. लांबच लांब टेबलं, पुठ्ठ्याचे तुकडे, गोंदाचा वास, न झोपलेले चेहरे. कुणीतरी ओरडलं, "काका, तुमच्याकडे नकाशेबाई..." आणि जीभ चावली. तो शेवटच्या टेबलाशी पाठमोरा होता. वळला आणि हातातली कात्री तशीच धरून उभा राहिला.

"तुम्ही? वर?"

"वर म्हणजे... मी नेहमी तळघरात राहते की काय?"

"नाही, तसं नाही..." तो गोंधळून खुर्चीवरचे पुठ्ठे उचलू लागला. "बसा ना."

ती बसली नाही. टेबलावर त्याची इमारत उभी होती. भिंती सुबक. मधोमध मात्र भोक, आणि बाजूला कापून टाकलेल्या जिन्यांचा ढीग.

"जिना बसत नाही ना?"

त्याने आश्चर्याने बघितलं. "कुणी सांगितलं?"

"बसणारच नाही." आणि तिने कार्डं समोर ठेवून सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, मान खाली घालून. "चूक ग्रंथालयाची आहे. मी तपासून द्यायला हवं होतं."

त्याने कार्डावरची मापं वाचली. मग कपाळावर हात मारून खाली बसला.

"मी समजत होतो, पूर्वीची माणसं बुटकी होती."

"काय?"

"दारं बघा ना. वाकून जायला लागेल अशी. म्हटलं, असेल बुवा. प्रत्यक्ष जाऊन मापावं, तर आत जायला बंदी. अर्धा जिना कोसळलाय." तो हसायला लागला. कितीतरी दिवसांनी हसत असावा, कारण हसता हसता त्याला ठसकाच लागला. तीही हसली. पलीकडच्या टेबलावरच्या पोरांनी माना वर केल्या.

मग त्याने पेन्सिल घेतली, कार्डावरची लांबी आणि कागदावरची लांबी, भागाकार, गुणाकार. ती शेजारून बघत होती. उत्तर आलं तशी त्याने त्याखाली रेघ ओढली.

"केवढा रुंद आहे हा," तो पुटपुटला. "दोन माणसं शेजारी उभी राहून बोलतील, आणि तिसरा सहज निघून जाईल."

"तुम्हाला तसाच हवा होता ना?"

"हवा होता. पण या मापाने एकच माणूस मावत होता. मी परवा ठरवलं, जाऊ दे. बाकं काढली, जिना बाजूला टाकला. प्रत्येक खोलीला बाहेरून स्वतंत्र दार दिलं. कुणी कुणाला भेटायलाच नको." त्याने बाजूला पडलेला एक कागद उलटा केला. "मास्तर म्हणाले, छान, सुटसुटीत झालं. मला रात्री त्या घराची भीती वाटली हो. म्हणून आज पुन्हा तो छेद उघडून बसलो."

त्या घरात ती राहत होतीच की.

"अजून वेळ आहे," ती शेवटी म्हणाली. "नव्याने कापा. मी... मी निघते."

"थँक्यू," तो म्हणाला. नेमकं तेच. ती वळली. टेबलांमधून दारापर्यंतची वाट फार लांबलचक वाटली. आणि मग तिला एकदम स्वतःचा राग आला. स्वतःचा, ताईचा, नियमांचा, सगळ्यांचा. ती परत आली.

"तुम्ही आला का नाहीत?"

"कुठे?"

"खाली. इतके आठवडे."

तो उठून उभा राहिला. "तुम्हीच म्हणालात ना, यायची गरज नाही."

"ते मला सगळ्यांना म्हणावं लागतं."

"मला काय ठाऊक? मला वाटलं, सुटलात तुम्ही. रोज एक माणूस समोर येऊन बसतो, नियम म्हणून तुम्हाला उठता येत नाही... मी दोनदा जिन्यापर्यंत आलो होतो. काय मागायचं तेच सुचेना. नकाशा नाही, पुस्तक नाही. तुम्ही विचारलं असतं, काय हवंय, तर काय सांगणार होतो?"

"खरं सांगायचं."

"खरं म्हणजे..." तो अडखळला. बाहीवरचा वाळलेला गोंद खरवडत राहिला. "खरं म्हणजे मला नकाशा आवडायचा. पण तो पहिल्याच आठवड्यात पाठ झाला होता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. "मग इतके दिवस काय बघत होतात?"

"आता तेही सांगू? पोरं ऐकताहेत."

पोरं खरंच ऐकत होती. एकाने तर नीट ऐकू यावं म्हणून कानावरचे केस मागे घेतले होते.

"परवानंतर तुमचं कार्ड बंद होईल," ती म्हणाली. घसा खाकरावा लागला नाही. "शिक्षण संपलं की ग्रंथालयाचं काम संपतं. मग तुम्हाला खरंच तिथे काही लागणार नाही. तेव्हा या."

"कशासाठी?"

"माझ्यासाठी."

खोलीत कुणीतरी पट्टी पाडली. तो नुसता बघत राहिला, त्या पहिल्या दिवशी नकाशाकडे बघत होता त्याहून जास्त वेळ. मग त्याने शेजारची खुर्ची रिकामी केली, आणि या वेळी ती बसली.

जिना पुन्हा कापायला उजेड मावळेपर्यंतचा वेळ लागला. तो कापत होता, ती कार्डावरची मापं वाचून दाखवत होती. पोरांनी चहा आणला, तिच्यासाठीही, आणि काकांना येताय का असं न विचारता कप सरळ पुढे ठेवला. मग त्याने पायऱ्यांच्या कडांना गोंद लावला आणि जिना दोन भिंतींच्या मध्ये हळूच उतरवला. तो नीट बसला. वरची बाजू त्याने धरली, खालची तिने. बोटांना बोटं लागत होती.

"धर," तो म्हणाला. "वाळेपर्यंत सोडू नकोस."

"नाही सोडत."

दिवे लागले. पोरं एकेक करून जेवायला गेली. गोंद केव्हाच वाळला होता.